आधी फरशी बघा

सदलग्याचे एक गृहस्थ एकदा सकाळीच माझ्या बेळगावच्या घरी आले, पायरीवर बसले, डोईचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि आत यायला साफ नकार दिला. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं चहा घेतला की तक्रार निम्मी होते, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांचा मुलगा आमच्या कॉलेजात इंटरच्या वर्गात होता. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या पोराला तुमी काय शिकवलासा? चांगला गरीब पोरगा हुता. आता काय बी सांगा, म्हणतोय, कशावरनं?"

मी म्हटलं, तेवढंच शिकवलं. मग "आणि ह्याची फी घेतासा?" असं विचारून त्यांनी रुमाल पुन्हा गुंडाळला आणि ते निघून गेले. पोराचं नाव मात्र त्यांनी कॉलेजातून काढलं नाही.

यंदा मी निवृत्त झालो. देश सुटला त्याच वर्षी मास्तरही वेळापत्रकातून सुटले, अशी आमच्या घरात चेष्टा चालते. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काही लिहा म्हटल्यावर मी आधी घाबरलोच. डॉक्टरांकडं रोगी असतात, वकिलांकडं खून असतात, फौजदारांकडं दोन्ही असतात. तर्कशास्त्राच्या मास्तराकडं काय असणार? एक फळा आणि दुपारच्या तासाला पेंगणारी पोरं. पण आठवता आठवता बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या एका घरातला माग डोळ्यांपुढं आला, आणि वाटलं की हे सांगायला हवं.

आधी माझ्या धंद्याची ओळख करून देतो. तर्कशास्त्र म्हणजे वाद घालायची विद्या, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या कॉलेजच्या शिपायालाही तो होता. दोन पोरं भांडायला लागली की तो त्यांना माझ्या खोलीकडं पिटाळायचा. खरं म्हणजे तर्क प्रत्येकजणच करतो. मांजर आडवं गेलं आणि मोटार चुकली, की आपण दोन्हींची गाठ मारून मोकळे होतो. एका मोटारीतून उतरलेली दोन माणसं नात्यातली असतातच असं नाही, हे आपल्याला कळतं. पण एका वेळी घडलेल्या दोन गोष्टी मात्र आपण हटकून नात्यातल्या धरतो. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून कावळ्यानंच पाडलं. आपल्या जुन्या लोकांनी याला काकतालीय न्याय असं छान नाव दिलंय. ही गाठ खरी की खोटी हे तपासायचं कसं, एवढंच मी जन्मभर शिकवलं.

शिकवायचं मात्र इंग्रजीतून. चुकांची नावं लॅटिन, उदाहरणं ग्रीक राजांची, आणि ऐकणारी पोरं मराठी नाही तर कानडी शाळेतून आलेली. मग ती बिचारी घोकायची. एकानं तर परीक्षेत पुस्तकातलं पानच्या पान उतरवलं होतं, आणि मध्येच "वरील आकृती पाहा" असंही लिहिलं होतं. आकृतीचा पत्ता नव्हता. विचार कसा करावा हे सांगणारं पुस्तक विचार न करता पाठ करायचं, असा आमचा सगळा कारभार.

दुसरं दुखणं त्याहून मोठं, ते म्हणजे मन उडण्याचं. आषाढात कॉलेज सुरू झालं की पोरं नव्या बैलासारखी उधळत यायची. खानापूरकडची पोरं सकाळच्या गाडीनं यायची, कुणी वार लावून जेवायचं, कुणी भाड्याच्या खोलीत हातानं भाकरी भाजायचं. पौष उजाडेपर्यंत निम्म्यांच्या डोळ्यांतला दिवा विझलेला असायचा. हे कशाला शिकायचं, आणि आपल्याच्यानं होणार आहे का, हे दोन किडे आतून पोखरायला लागायचे. त्यावर आमचे प्रिन्सिपल उद्योग आणि चिकाटीवर व्याख्यान द्यायचे. व्याख्यान इतकं लांबायचं की ऐकणाऱ्याची चिकाटी तिथंच खर्ची पडायची.

निपाणीकडचा एक फार तल्लख पोरगा असाच गेला. मीही त्याला समोर बसवून तास-दीड तास उपदेश केला होता. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं, पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी गाव गाठून तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. त्याच्या हातात देण्यासारखं माझ्याकडं तेव्हा उपदेशाखेरीज काही नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. काय द्यायला हवं होतं, ते मला पुढं परशरामनं शिकवलं.

परशराम शहापूरच्या एका विणकर घरातला धाकटा मुलगा. त्यांच्या गल्लीतनं कॉलेजात आलेला पहिलाच. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. अंगानं काटकुळा, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायचा, आणि विचाराल ती व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचा. सहामाहीत मी प्रश्न जरा फिरवून घातले, तर हा साफ नापास झाला. माघ लागायच्या सुमारास एके दुपारी तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, नाव काढायला आलतो."

कारण विचारलं, तर म्हणाला, घरात अडचण आहे. आता 'घरात अडचण' हे असं झाकण आहे की त्याखाली काहीही असू शकतं. मी त्याला बसवलं. माझी परीक्षकाची खोड जाईना. म्हटलं, नाव काढ, पण जाताना एकदा काकतालीय न्याय सांग. त्यानं इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली आणि पुस्तकातलं उदाहरणही दिलं: धूमकेतू दिसला आणि राजा मेला. मी म्हटलं, राजा राहू दे, तुझ्या घरातलं एखादं सांग.

तो खाली बघायला लागला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हळूहळू सगळं बाहेर पडलं.

त्याच्या घरात दोन माग होते. आतल्या खोलीतल्या मागावर वडील बसायचे, त्यांना सगळे आप्पा म्हणत. बाहेरच्या सोप्यातल्या मागावर थोरला भाऊ मारुती. मारुतीचं लग्न मार्गशीर्षात झालं होतं. बायको संकेश्वरची, नाव रुक्मिणी. आणि लग्नाचा मांडव उतरला तेव्हापासून मारुतीच्या मागावर धागा टिकेना.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो. मागावर लांबच लांब ताणलेले उभे धागे असतात, तो ताणा. त्याला आधी खळ लावून ताठ केलेलं असतं. त्यातून इकडून तिकडं फेकलेल्या धोट्यानं आडवा धागा जातो तो बाणा. त्याच्या कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, घरातल्या बायका रहाटावर भरतात. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, दोन टोकं शोधायची, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचं. अशा गाठी फार झाल्या की साडी हाताला खरखरीत लागते आणि व्यापारी नाक मुरडतो. मारुतीचा निम्मा दिवस आता गाठी मारण्यात जात होता. आतला आप्पांचा माग मात्र सुरळीत, गल्लीतले बाकीचेही सुरळीत. म्हणजे खोट हवेत नव्हती, सुतातही नव्हती, कारण सूत एकाच गठ्ठ्यातलं होतं. मारुतीच्या कांड्या कोण भरतं? रुक्मिणी. ती कधी आली? मार्गशीर्षात. धागा कधीपासून तुटतो? मार्गशीर्षापासून. परशरामच्या आईनं निकाल लावला होता: सुनेचा पायगुण वाईट. तिला संकेश्वरला पोचवायचं ठरत होतं, आणि पोचवायचं म्हणजे परत आणायचं नाही. मारुतीचा माग असाच अडखळत राहिला तर परशरामलाही शिक्षण सोडून हाताखाली बसावं लागणार होतं.

"वैनी लई चांगली हाय, सर," तो म्हणाला. "दिसभर रडतीया, पण कांड्या भरायची ऱ्हात न्हाय. पण खरं सांगू? मलाबी आता तसंच वाटालंय."

त्या क्षणी मला त्याचा राग आला आणि त्याच्याबद्दल आशाही वाटली. व्याख्या पाठ असलेला पोरगा घरातला कावळा आणि घरातलं ताडफळ ओळखू शकत नव्हता. पण त्याचं मन त्याला खात होतं, आणि मन खाल्ल्याशिवाय कुणी विचाराला लागत नाही. मी म्हटलं, नाव काढायचा अर्ज माझ्याकडं राहू दे. आधी मला एवढं सांग, वैनी हात लावते तो धागा आडवा की उभा? आणि तुटतो तो कोणता?

तो चमकून माझ्याकडं बघायला लागला. विणकराचं पोर ते, पण हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. रुक्मिणी भरायची ते आडवे. तुटायचे ते उभे.

मला वाटलं, झालं काम. कसलं काय. घरी जाऊन त्यानं आईला हे सांगितलं, तर आई म्हणाली की पायगुण पायांत असतो, हातांत नसतो. घरात पाऊल पडलं तेवढं पुरे. यावर इंटरच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. परशराम दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या खोलीत. मी त्याला म्हटलं, आईशी वाद घालू नकोस. एकेक गोष्ट बदलून बघ. एका वेळी एकच, बाकी सगळं जसंच्या तसं.

त्यानं आप्पांना गळ घातली. आप्पा बाहेरच्या मागावर बसले आणि मारुती आतल्या. चाळीस वर्षं विणलेल्या हाताखालीही बाहेरचा धागा तुटला, आणि आतल्या मागावर मारुती निवांत विणत राहिला. रुक्मिणीनं भरलेल्या कांड्या आत दिल्या, सासूनं भरलेल्या बाहेर, तरी तेच. कॉलेजात येऊन परशराम मला म्हणाला, "सर, माणूस न्हाय. जागा." बाकी काही न बोलता तो वर्गात जाऊन बसला. आता तो तिसऱ्या बाकावरून पहिल्यावर आला होता.

जागेत काय, हे त्याला त्याच्या अनवाणी तळव्यांनी सांगितलं. सकाळी पाणी प्यायला आत जाताना त्याला जाणवलं की आतली जमीन गार आणि ओलसर लागते, बाहेरची कोरडी. आत शेणानं सारवलेली माती होती. बाहेर फरशी होती. आणि फरशी कधी बसली? लग्नात. सुनेच्या माहेरची माणसं येणार म्हणून आईनं हट्टानं सोप्यात शहाबादी फरशी घातली होती, उजेड पडावा म्हणून पूर्वेला मोठी खिडकीही पाडली होती. गल्लीत फरशी असलेलं ते पहिलंच घर. बायका बघायला येत होत्या. लग्नात नुसती नवरी येत नाही, घराचं रूपही पालटतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मातीची ओल मिळाली की खळ लावलेला धागा नरम राहतो. ती ओल फरशीनं कोंडली होती आणि खिडकीतला कोरडा वारा उरलीसुरली पिऊन टाकत होता. विणकरांना हे कळत नाही असं नाही. उन्हाळ्यात तेच मागाखाली पाणी शिंपडतात. पण हे दिवस थंडीचे, आणि फरशी म्हणजे घराची शोभा. शोभेवर कोण संशय घेणार?

परशरामनं गोणपाटाची ओली पोती मागाभोवती फरशीवर पसरली, खिडकीवर एक बांधलं. आणि धागा तुटायचा थांबला. मारुती दिवसभर विणत राहिला.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. माझ्याकडं पेढे यायला हवे होते. त्याऐवजी दोन दिवसांनी परशराम आला तो पांढराफटक. ज्या दिवशी त्यानं पोती टाकली, त्याच दिवशी सकाळी आईनं रुक्मिणीला संकेश्वरच्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं होतं. सून गेली आणि माग चालला. आईनं देवीची ओटी भरली, गल्लीत साखर वाटली. पीडा टळली, असं जो तो म्हणत होता. पोत्यांचं नाव कुणी काढेना.

"सर," तो म्हणाला, "मीच तिला घालवलं. आता तिला कोण आणणार?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम. इथं एकाच सकाळी दोन बदलल्या होत्या, आणि जिला सोडवायचं तिच्याच गळ्यात फास पडला होता. मी उठून खिडकीशी गेलो, परत आलो. मग म्हटलं, परशराम, आता जे करायचं ते जड आहे. ती नसताना पोती काढ.

त्याला लगेच कळलं. ती घरात नाही आणि धागा तरीही तुटला, तर तुटण्याशी तिचा संबंध उरत नाही. पण चाललेला माग हातानं बिघडवायचा? घरात त्यावरून रणकंदन झालं. आप्पांनी ताट सारलं. आई म्हणाली की कॉलेजानं पोराचं डोकं फिरवलंय, आणि माझ्या नावानं बोटं मोडली. तीही परशराममार्फत मला पोचली. सगळे बोलत होते, एकटा मारुती गप्प होता. तो मुळातच अबोल. बायको गेली त्या दिवसापासून तर त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तो उठला, खिडकीवरचं गोणपाट त्यानं स्वतः ओढून काढलं आणि धाकट्या भावाला म्हणाला, "काढ रं ती पोती. माग माझा हाय आणि बायकोबी माझीच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फरशी ठणठणीत कोरडी झाली आणि धागे पटापट तुटायला लागले. मारुती गाठी मारत होता आणि, परशराम सांगतो, चक्क हसत होता. असा हसत धागे तोडून घेणारा विणकर शहापुरात दुसरा झाला नसेल. आप्पांनी आतला माग थांबवला, बाहेर आले, उभे राहून बघितलं आणि बायकोला विचारलं, "काय गं, संकेश्वरातनं हितं पाय पोचतोय व्हय तिचा?"

ती माउलीही काही साधी नव्हती. तिनं हार मानली नाही, पण ती पळालीही नाही, आणि यासाठी मला तिचं फार कौतुक वाटतं. शिकलेली माणसं अशा वेळी विषय बदलतात. ती म्हणाली, "मग आणा तिला. पोती टाका. धागा न्हाय तुटला तर मी बोलणार न्हाय. तुटला तर तुमी कुणी बोलू नका." सगळा डाव तिनं स्वतःच एका पटावर आणून ठेवला. सून घरात, पोती जमिनीवर. आता धागा टिकला तर रुक्मिणी नांदणार, तुटला तर कायमची जाणार. मारुती त्याच संध्याकाळी संकेश्वरला गेला.

रुक्मिणी आली, पोती पुन्हा पसरली, आणि साडी पुरी व्हायच्या दिवशी परशराम मला टांग्यात घालून घेऊन गेला. मी सोप्याच्या कडेला घोंगडीवर बसलो. जन्मात एवढी भीती मला कुठल्या परीक्षेच्या निकालाची वाटली नव्हती. समजा, ऐन वेळी एखादा धागा भलत्याच कारणानं तुटला तर? सुताला काय, ते कशानंही तुटतं. तर्कशास्त्राचा मास्तर मी, पण त्या दिवशी सकाळी देवाला दोन फुलं जास्त वाहून निघालो होतो. खरं ते सांगितलं पाहिजे. रुक्मिणी आतल्या दाराशी कांड्यांची टोपली घेऊन उभी होती, मान खाली. मारुती सकाळपासून विणत होता. धोट्याचा आवाज थांबला की सगळे माना वर करायचे. तो कांडी बदलत असायचा.

दुपारी साडी पुरी झाली. मागावरून उतरवलेली साडी परशरामच्या आईपुढं ठेवली. या बाईच्या हाताची गल्लीत ख्याती होती. कुणाचीही साडी असो, व्यापाऱ्याकडं जायच्या आधी तिच्या हाताखालून जायची. डोळे मिटून ती बोटं फिरवायची आणि खोट कुठं आहे ते सांगायची. तशीच ती बसली. डोळे मिटले. हात पहिल्या भागावरून सरळ सरकत गेला.

"हे कवाचं?"

"पोती हुती," मारुती म्हणाला. "ती न्हवती."

हात पुढं गेला आणि अडखळायला लागला. गाठी, पुन्हा गाठी. कपाळाला आठ्या पडल्या.

"आणि हे?"

"पोती न्हवती. तीबी न्हवती."

हात आणखी पुढं गेला. आता तो पाण्यावरून जावा तसा गेला, अगदी काठापर्यंत. ती पुन्हा मागं आली, पुन्हा पुढं गेली. एक गाठसुद्धा लागली नाही.

"हे?"

"आजचं," मारुती म्हणाला. "पोती हायती. आणि ती हाय."

बाईनं डोळे उघडले. मग सुनेकडं न बघताच म्हणाली, "रुक्मिणी, परड्यातली पहार आण."

पहार आली. त्या बाईनं पदर खोचला आणि खड्ड्याशेजारची पहिली फरशी स्वतःच्या हातानं उचकटली. "माझीच हौस हुती," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या फरशीला सुनेनं हात लावला, आणि मग दोघी मिळूनच उचकटत राहिल्या. मारुती खड्ड्यातच बसून होता. तोंड पलीकडं केलेलं, खांदे हलत होते. परशराम माझ्याकडं बघत होता. मी त्याला शाबासकी द्यायची सोडून नाक पुसत बसलो होतो. तो नाव काढायचा अर्ज अजून माझ्या कोटाच्या खिशात होता. तो मी त्याच्या हातात दिला, आणि त्यानं तो चुलीत घातला.

ती साडी विकली नाही. मधला भाग खरखरीत, तिला कोण घेणार? सासूनं ती सुनेला दिली आणि सणावाराला तीच नेसायला लावली.

परशरामबद्दल मग मला कधीच काळजी वाटली नाही. त्यानं घोकणं सोडलं आणि माझं सुख संपलं. वर्गात हात वर, पुस्तकातलं कुठलंही वाक्य आलं की "कशावरनं, सर?" दोनदा त्यानं मलाच फळ्यापुढं उत्तर शोधायला लावलं, आणि त्या दोन्ही दिवशी मी घरी शीळ घालत गेलो. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत प्रश्न आला, तेव्हा धूमकेतू आणि राजा सोडून त्यानं फरशी आणि पोती लिहिली. मुंबईच्या परीक्षकाला मागाचा खड्डा कळेल की नाही, या धास्तीनं मला निकालापर्यंत नीट झोप नव्हती. आमच्या कॉलेजात तो त्या विषयात पहिला आला. पुढं बी. ए. झाला, एम. ए. झाला, आणि यंदा माझ्या जागी माझा वर्ग घ्यायला तोच आलाय.

तेव्हापासून मी कुणाही विझलेल्या पोराला उपदेश केला नाही. ज्याचं उत्तर त्याला स्वतःला हवंय असा एक प्रश्न त्याच्या घरातून, शेतातून, गल्लीतून शोधून त्याच्या हातात द्यायचो. तो घेऊन पोरगा पळत सुटायचा, आणि मला फक्त मागून चालायचं असायचं. सगळेच काही टिकले नाहीत. पण जे टिकले ते माझ्या व्याख्यानांनी टिकले नाहीत, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

निरोपाचा समारंभ झाल्यावर परशरामनं मला घरी जेवायला नेलं. शहापूरची तीच गल्ली. त्याची आई आता थकलीय, डोळ्यांना दिसत नाही, दाराशी घोंगडीवर बसून असते. रुक्मिणीबाई घरची कारभारीण झालीय. सोप्यात दोन माग वाढलेत आणि जमीन शेणानं लख्ख सारवलेली. मी पान खात बसलो होतो. समोरच्या नळावर चार बायका बोलत होत्या. पलीकडच्या घरात नुकतीच सून आली होती आणि त्यांची म्हैस दूध देईना. एकीनं आवाज खाली आणून पायगुणाची गोष्ट काढली.

म्हातारीचे कान तिखट. तिनं बसल्या जागेवरून हाक घातली, "आधी फरशी बघा गं."

त्या घरात फरशी नव्हती. गोठ्यात तर नसणारच. पण कुणी हसलं नाही आणि कुणी काय म्हणून विचारलंही नाही; गल्लीला त्या तीन शब्दांचा अर्थ ठाऊक होता. मग नळावरचीच एकजण घागर खाली ठेवून म्हणाली, "व्हय की. वैरण बदललीया त्यांनी परवापासनं."

पलीकडच्या उंबऱ्याआड ती नवी सून उभी होती. तिनं पदर सावरला आणि पाणी भरायला बाहेर आली.